गौर आणताना बोलायचं नाही

सुहासिनीबाईंवर गप्प बसायची वेळ वर्षातून एकदाच यायची, आणि तीही ओढ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत. एरवी त्या बोलत. नॉटिंगहॅममधल्या एका डॉक्टरच्या सर्जरीत, म्हणजे दवाखान्यात, त्यांनी रिसेप्शनवर बसून आख्खी नोकरी बोलण्यात काढली, आणि निवृत्त झाल्यावर उरलेलं सगळं बोलणं त्या घरी घेऊन आल्या. त्यांचे यजमान डॉक्टर गिरीशराव हे भूलतज्ज्ञ. माणसांना झोपवण्यात त्यांची हयात गेली. "मी झोपवायचं आणि हिने उठवायचं, अशी आमची वाटणी आहे," असं ते पाहुण्यांना सांगत, आणि पाहुणे हसेपर्यंत सुहासिनीबाईंचं पुढचं वाक्य सुरू झालेलं असे.

त्यांच्याकडे खड्याच्या गौरी. मुखवटे नाहीत, शालू नाहीत, दागिने नाहीत. भाद्रपदात गणपती बसले की मग वाहत्या पाण्यातून सात खडे उचलायचे, ताम्हनात ठेवायचे, वर खण झाकायचा आणि घरी आणायचे. एवढी साधी देवी, पण तिची अट कडक. आणणारीने तोंडात पाण्याची चूळ धरायची, घर येईपर्यंत बोलायचं नाही आणि मागे वळून बघायचं नाही. मागून कोणीतरी घंटा वाजवत यायचं. खडे पाटावर ठेवले की मग चूळ टाकायची आणि काय बोलायचं ते बोलायचं. सासूबाईंनी, म्हणजे लीलावतीबाईंनी, सुनेला विलायतेला धाडताना बजावलं होतं की तिकडे पुरणपोळी बिघडली तरी चालेल, गौर चुकवू नकोस. आणि वाटेत बोललीस तर ती आल्या पावली परत जाते, हे ध्यानात ठेव.

जुन्या घरी हे अगदी सोपं होतं. मागच्या बागेचं फाटक उघडलं की पायवाट आणि पायवाटेला लागून ओढा. चहाला आधण येईपर्यंत गौर घरात. तेवढ्या वेळात बोलायला भेटणार कोण? फार तर शेजाऱ्यांचं मांजर.

पण दोन हजार नऊच्या वसंतात ते घर विकलं. गिरीशरावांच्या गुडघ्यांना जिना झेपेना, बाग तर कोणालाच झेपेना. लेक वरदा ब्रिस्टलला विमानांच्या इंजिनांवर काम करते. तिने एजंट, वकील, सामान हलवणारे सगळं एकटीने पार पाडलं. दर टप्प्यावर फोन करून विचारायची, "आई, यू ओके?" आणि सुहासिनीबाई म्हणायच्या, "हो हो, अगदी ओके." जन्मभर बडबड केलेल्या बाईने नेमकी तेवढी एकच गोष्ट सांगितली नाही.

नवा फ्लॅट शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, वयस्कर लोकांसाठी बांधलेल्या इमारतीत. लिफ्ट आहे, वॉर्डन आहे, प्रत्येक खोलीत एक लाल दोरी लोंबते आहे. पडलात तर ओढा. एक बेडरूम, आणि दुसरी एक खोली, जिला बेडरूम म्हणायला एजंटचंच तोंड हवं. तिथे इस्त्रीचं टेबल आणि बॅगा. वरदा आली की तिने बैठकीतल्या सोफ्यावर झोपायचं. हे सुहासिनीबाईंच्या जिव्हारी लागलं होतं. लेक चाळिशीला टेकली म्हणून काय झालं? माहेर ते माहेर, आणि ते आपण आपल्या हातांनी विकलं. त्यांनी मनाशी एक धरून ठेवलं होतं: यंदा गौर नेहमीसारखी, त्याच ओढ्यावरून, नेमाने आली, तर ह्या फ्लॅटला घर म्हणायचं आणि इथे वरदाला माहेर आहे असं समजायचं. नाही आली, तर आपण नुसत्या भिंती घेतल्या. हे त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. गणपतीला तेवढं सांगितलं.

वरदाने फोनवर तोडगा काढला होता की गार्डन सेंटरमध्ये दगड मिळतात, धुतलेले, पिशवीत भरलेले, ते आण. सुहासिनीबाई "बघू" म्हणाल्या. आपल्याकडे "बघू" म्हणजे "नाही", हे शेंबड्या पोराला कळतं. पण इंग्लंडात वाढलेल्या मुलीला ते "हो" वाटलं, आणि ती निश्चिंत झाली.

गौरी आवाहनाच्या दिवशी दुपारी नवराबायको बसने निघाले. बसने, कारण गिरीशरावांचा मोतीबिंदू नुकताच काढलेला आणि डॉक्टरांनी गाडीला हात लावायचा नाही म्हणून सांगितलेलं. सुहासिनीबाई तर गाडी कधी शिकल्याच नाहीत. फोन, घराची किल्ली, बायकोचा चष्मा आणि घंटा, सगळं गिरीशरावांच्या कोटाच्या खिशात. बसचा पास मात्र सुहासिनीबाईंच्या गळ्यात अडकवलेला. वाटेत त्यांनी नवऱ्याला पढवलं की पायवाटेवर घंटा वाजवा, मोठ्या रस्त्याला लागलो की बंद, आणि बसमध्ये तर अजिबात नको. लोक काय म्हणतील?

ओढ्याला पाणी बेताचंच होतं. त्यांनी सात खडे निवडले, धुतले, हळदकुंकू वाहिलं, खण झाकला. घरून आणलेल्या बाटलीतल्या पाण्याने चूळ भरली, डोळे मिटून हात जोडले आणि ताम्हन उचलून चालायला लागल्या. मागून घंटा वाजत होती. जुन्या घराच्या फाटकापाशी आल्यावर त्यांनी मान जराही वळवली नाही. बघितलं असतं तर रडू आलं असतं, आणि तोंडात पाणी घेऊन रडता येत नाही. फाटक मागे गेलं आणि थोड्या वेळाने घंटाही थांबली. सुहासिनीबाईंना वाटलं, मोठा रस्ता जवळ आला म्हणून थांबवली असेल. लग्नाला एवढी वर्षं झाली, आज पहिल्यांदा यांनी सांगितलेलं ऐकलं, म्हणून त्यांना जरा बरंही वाटलं.

गिरीशरावांनी काही ऐकलेलं नव्हतं. फाटकापाशी नवा घरमालक सफरचंदं काढत होता. ते झाड गिरीशरावांनी लावलेलं. त्या भल्या माणसाने पिशवी पुढे केली आणि झाडाची छाटणी कधी करायची ते विचारलं. आपण लावलेल्या झाडाबद्दल कोणी विचारलं की माणूस दोन शब्दांत थोडाच आटपतो? घंटा खिशात गेली आणि गिरीशराव फांद्यांखाली.

इकडे बस आली. मागे बघायचं नाही, म्हणून सुहासिनीबाईंनी मागे बघितलं नाही. पास दाखवला, पुढच्या बाकावर बसल्या, मांडीवर ताम्हन घेतलं, दोन्ही हातांनी घट्ट धरलं. नवरा मागच्या बाकावर आहे असं धरून चालल्या. बस निघाली.

शेजारी त्यांच्याच वयाची एक बाई येऊन बसली. नाव मॉरीन, ते तिने आपणहून सांगितलं. आपण जसं ताई-माई म्हणतो तसं नॉटिंगहॅमची माणसं समोरच्याला "डक" म्हणतात. मॉरीनने डक म्हणत हवा काढली, बसच्या वेळा काढल्या, नातवंडं काढली. सुहासिनीबाई माना डोलवत होत्या. आतून त्यांचा जीव कासावीस होत होता. एवढी बोलकी बाई शेजारी यावी, आणि आजच यावी! त्या हसायला गेल्या, तेवढ्यात बसने वळण घेतलं, तोंडातलं सगळं पाणी एका गालात गेलं आणि ओठाच्या कोपऱ्यातून एक धार हनुवटीवर उतरली.

मॉरीन बोलायची थांबली. तिने सुहासिनीबाईंकडे नीट बघितलं.

त्या वर्षी टीव्हीवर सारखी एक जाहिरात लागायची. स्ट्रोक कसा ओळखावा: चेहरा वाकडा होतो का, दोन्ही हात वर जातात का, बोलता येतं का; यातलं एक जरी दिसलं तरी ॲम्ब्युलन्ससाठी नऊशे नव्याण्णव फिरवायचा. मॉरीनला ती तोंडपाठ होती. मॉरीनचा नवरा आदल्या वर्षी चहा पिता पिता असाच गप्प झाला, आणि थकला असेल म्हणून हिने त्याला झोपू दिलं. तो मग उठलाच नाही. तेव्हा आज ती चुकणार नव्हती.

"डक," ती हळू आवाजात म्हणाली, "जरा हसून दाखवतेस का मला?"

सुहासिनीबाई भूलतज्ज्ञाची बायको. प्रश्न ऐकताच त्यांना कळलं की आपली कसली परीक्षा चालली आहे, आणि आपण त्यात नापास होणार हेही कळलं. त्यांनी ओठ मिटून, जपून हसून दाखवलं. पाणी अजून त्याच गालात होतं. मॉरीनने दोन्ही हात वर करायला सांगितले. ताम्हन खाली ठेवता येत नव्हतं. गौर काय बसच्या सीटवर ठेवायची? त्यांनी एकच हात वर केला. मॉरीनने नाव विचारलं. त्यावर सुहासिनीबाईंनी मागच्या बाकाकडे हात केला, मागे न बघता. मागच्या बाकावर कॉलेजातला एक मुलगा कानात वायरी घालून बसला होता. तो म्हणाला की मी यांना ओळखत नाही.

तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की यजमान बसमध्ये नाहीत.

पुढचं सगळं भराभर झालं. मॉरीनने ड्रायव्हरला सांगितलं, ड्रायव्हरने बस कडेला घेतली, कोणीही कुरकुर केली नाही. सुहासिनीबाई नाही-नाही करून मान हलवत होत्या, आणि मॉरीन त्यांच्या हातावर हात ठेवून म्हणत होती की घाबरू नकोस, डक, मी आहे. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. एका शब्दाने हा प्रकार मिटला असता. पण तो एक शब्द बोलला की गौर परत, आणि गौर परत गेली की मग काय राहिलं? त्या गप्प राहिल्या.

ॲम्ब्युलन्समधल्या मुलाने त्यांना तोंड उघडायला सांगितलं. त्यांनी ओठ आणखी घट्ट मिटले. त्याने ते लिहून घेतलं. मग त्यांना सुचलं की लिहिणं म्हणजे काही बोलणं नव्हे! त्यांनी खुणेने पेन मागितलं. उजव्या हातात ताम्हन, तेव्हा डाव्या हाताने, आणि चष्म्याशिवाय, त्यांनी वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं की मी ठीक आहे, मी देवीला घरी घेऊन चालले आहे. मुलाने ते वाचलं, ड्रायव्हरला वाचून दाखवलं, आणि ॲम्ब्युलन्सने भोंगा सुरू केला.

इस्पितळ तेच, जिथे गिरीशरावांनी नोकरी केली. पण आता ओळखीचं एकही तोंड नव्हतं. सुहासिनीबाईंना खाटेवर निजवलं. रक्तदाब वाढलेला होता, तो कोणाचा नसता वाढला? नर्सने ताम्हन मागितलं, त्यांनी ते पांघरुणाखाली छातीशी धरलं. नर्स समजूतदार, असू दे म्हणाली. मग गिळता येतं का ते बघायला ती पाण्याचा ग्लास आणि चमचा घेऊन आली. तोंडात जागाच नव्हती. सुहासिनीबाईंनी मान फिरवली. नर्सने ग्लास तसाच बाजूला ठेवला आणि खाटेच्या डोक्याशी पाटी अडकवली: तोंडावाटे काहीही देऊ नये. त्या पाटीखाली सुहासिनीबाई तोंडात पाणी घेऊन पडल्या होत्या. पाणी एव्हाना कोमट झालं होतं, आणि थोडं नकळत पोटातही गेलं होतं. स्कॅनला नंबर लागला होता. घर अजून किती लांब आहे याचा त्या हिशोब करत होत्या. देवी, म्हणाल्या मनात, माझ्याकडून चूक नाही होणार, तू फक्त परत जाऊ नकोस.

गळ्यातल्या बसच्या पासवरून नाव कळलं, आणि इस्पितळाच्या कॉम्प्युटरवर वरदाचा नंबर निघाला. ती सणासाठी निघालेलीच होती. तिला वाटेत फोन गेला की तुमच्या आईला बसमध्ये स्ट्रोक आल्यासारखं दिसतं, त्यांची वाचा गेली आहे. गौर, चूळ, ओढा यातलं काही तिच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. तिच्या मते खडे पिशवीत धुऊन आले होते. ती पडदा सारून आत आली तेव्हा तिचे केस विस्कटलेले होते आणि गाडीची किल्ली मुठीत तशीच होती. मागोमाग तरुण डॉक्टर आला.

"आई," ती म्हणाली. "आई, लुक ॲट मी. मी वरदा."

सुहासिनीबाईंनी तिच्याकडे बघितलं. एक गाल फुगलेला.

वरदा खाटेच्या कडेवर बसली आणि रडायला लागली. विमानाची इंजिनं उघडून जोडणारी बाई, घर विकताना एजंटाला घाम फोडणारी, लहान मुलीसारखी नाक ओढत रडत होती. "माझ्यामुळे झालं हे," ती म्हणाली. "मी तुला घर विकायला लावलं. तू ओके म्हणायची, आणि मला माहीत होतं, तू ओके नाही. मला माहीत होतं, आई. मी ऐकलं नाही, कारण मला ते लवकर संपायला पाहिजे होतं. एकदा बोल ना. काही पण बोल."

सुहासिनीबाईंच्या छातीवर सात खडे होते आणि समोर ही. सासूबाईंचा शब्द आठवला. बसमध्ये गिळलं नाही, ॲम्ब्युलन्समध्ये गिळलं नाही, एवढं सगळं सोसलं ते आठवलं. मग त्यांना वाटलं, गौर म्हणजे तरी कोण, माहेरी आलेली लेक. आणि इथे आपली लेक रडते आहे, आणि आपण दगड सांभाळत बसलो आहोत. त्यांनी पाणी गिळून टाकलं.

"रडू नको, बाळ," त्या म्हणाल्या. "मला काही झालेलं नाही. तोंडात पाणी होतं."

डॉक्टरने विचारलं की पेशंट काय म्हणाली. वरदाने भाषांतर करून सांगितलं. त्याने ते लिहून घेतलं, जरा विचार केला आणि खोडलं.

त्यानंतर त्याने सुहासिनीबाईंना हसायला लावलं, हात वर करायला लावले, नाव, वार, महिना विचारला. आता त्या भराभर उत्तरं देत होत्या, विचारलं नव्हतं तेही सांगत होत्या. तासाभराने रक्तदाब उतरला आणि डॉक्टर घरी जा म्हणाला. तेवढ्या वेळात वरदाने डोळे पुसले आणि तिचा रागाचा पारा चढला. अर्धं मराठी, अर्धं इंग्लिश: बसभर लोकांना थांबवलंस, बाबांना विसरलीस, मी मोटरवेवर मरता मरता वाचले, आणि हे सगळं दगडांसाठी. सुहासिनीबाई एरवी एका वाक्याला तीन वाक्यं परतवतात. आज त्यांनी एकही परतवलं नाही. त्या खाटेवर पाय सोडून बसल्या होत्या, मांडीवर ताम्हन होतं.

"बोलले मी," त्या शेवटी म्हणाल्या. "आता ती यायची नाही. घर गेलं, आता गौरही गेली. चला."

वरदाला ओरडायचं होतं, पण तिला आईचा चेहरा दिसला. आईला असं तिने घर सोडलं त्या दिवशीही बघितलं नव्हतं. त्या दिवशी आई सगळा वेळ बोलत होती. तेवढ्यात गिरीशराव आले, एका हातात सफरचंदांची पिशवी, चेहरा ओशाळलेला. त्यांना वरदाने फोन करून सगळं सांगितलं होतं. ते बायकोशेजारी बसले.

"मी घेतली तर?" वरदाने विचारलं. "इथून पुढे. मी नाही बोललं काही, तर ती येणार का?"

वाटेत हात बदललेला आपण कधी ऐकला नाही, असं सुहासिनीबाई म्हणाल्या. हा प्रश्न त्यांना कोणी आजवर विचारलाच नव्हता.

"ऑपरेशन अर्ध्यावर असताना आमची ड्यूटी बदलायची," गिरीशराव म्हणाले. "एक भूलवाला बाहेर, दुसरा आत. पेशंटला कळायचंही नाही. हँडओव्हर नीट झाला पाहिजे, एवढंच."

वरदाने आईच्या हातून ताम्हन घेतलं. खडे खणात बांधले. जीन्सला ओटी नसते, म्हणून जॅकेटच्या आत ठेवून वर चेन लावली. गिळण्याच्या परीक्षेचा तो ग्लास अजून तिथेच होता. तिने त्यातलं तोंडभर पाणी घेतलं, गाल फुगवून आईकडे एकदा बघितलं आणि सरळ चालायला लागली. गिरीशरावांनी खिशातून घंटा काढली. इस्पितळाच्या त्या लांब बोळातून वरदा पुढे, घंटा मागे, आणि त्यामागे रिकामं ताम्हन आणि सफरचंदं घेऊन सुहासिनीबाई. घंटा ऐकून लोक आपणहून बाजूला होत होते.

गाडीत एक अडचण आली. मागे बघायचं नाही, मग आरसा? वरदा चाक धरून नुसती बसून राहिली. गिरीशरावांनी मागच्या सीटवरून निकाल दिला की आरसा तोंडासमोर असतो, तेव्हा आरशात बघणं म्हणजे पुढे बघणंच. गाडी निघाली.

मग सुहासिनीबाईंच्या हळूहळू ध्यानात आलं की आपण आता बोलू शकतो, आणि वरदा बोलू शकत नाही. असं त्यांच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. त्या दोघी बोलायला बसल्या की कोण कोणाला तोडतं याचाच सामना व्हायचा.

"मला ते घर सोडायचं नव्हतं," त्या म्हणाल्या.

वरदाने गिअर बदलला.

"जिना झेपत नव्हता, हे खरंच आहे. तुझं काही चुकलं नाही. पण मला ते सोडायचं नव्हतं. तू विचारलंस की मी हो म्हणायचे, कारण नाही म्हटलं असतं तर तू थांबली असतीस, आणि मग आम्ही दोघं त्या जिन्यावर पडलो असतो. म्हणून हो म्हटलं. रात्री मात्र मला अजून तिथलं दार वाजल्यासारखं होतं. आणि तुझी खोली, वरदा. तुझी खोली विकली मी. लेकीला यायला जागा ठेवली नाही, सोफा ठेवला. हे मला कोणाला सांगता येत नव्हतं. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, आई, डोन्ट बी सिली."

वरदाचे डोळे भरून वाहत होते. तोंडात पाणी, त्यामुळे हुंदका देता येईना, नाक ओढता येईना. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिने डावा हात सोडून आईचा हात धरला, आणि हिरवा होईपर्यंत सोडला नाही. मागून गिरीशरावांनी घंटा वाजवली. शेजारच्या गाडीतल्या माणसाने काच वर केली.

सुहासिनीबाई मग घर येईपर्यंत बोलत राहिल्या. जुन्या घरातलं बोलल्या, लीलावतीबाईंचं बोलल्या, मॉरीनचं बोलल्या, तिला शोधून घावन-घाटलं नेऊन द्यायचं ठरवलं. सगळं मनातलं बोलून झालं तेव्हा इमारत आली.

फ्लॅटच्या दारात, कॉरिडॉरच्या कार्पेटवर, गिरीशरावांनी लेकीच्या पायांवर दूधपाणी घातलं. वॉर्डनला काय सांगायचं ते उद्या बघू. सुहासिनीबाईंनी ओवाळलं, कुंकू लावलं आणि रीतीप्रमाणे गौरीला घर दाखवायला पुढे झाल्या. जुन्या घरी यालाच वेळ लागायचा, वर-खाली, सगळ्या खोल्या. इथे चार पावलांत घर संपत होतं. "हे स्वयंपाकघर," त्या म्हणाल्या. "हे धान्य, हे दूधदुभतं. ही आमची निजायची खोली." मग त्या इस्त्रीच्या टेबलाच्या खोलीपाशी आल्या आणि जरा अडखळल्या. काय म्हणायचं ते ठरलेलं नव्हतं.

"आणि ही वरदाची," त्या म्हणाल्या.

वरदाने दारात उभं राहून आत बघितलं. बॅगा, इस्त्री, खिडकीतून दिसणारं कार पार्क. तिने मान डोलावली. मग जॅकेटची चेन उघडली, खण सोडला आणि सातही खडे एकेक करून पाटावर गणपतीशेजारी ठेवले. सुहासिनीबाईंनी अक्षता वाहिल्या. गौर आली होती. त्यांना ते आतून कळलं, आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

वरदा मोरीवर जाऊन चूळ टाकून आली. दोघं तिच्याकडे बघत होते. गाडीत आईने एवढं सगळं सांगितलं होतं, आता तिच्याकडचं काय येतं, याची सुहासिनीबाईंना धाकधूक होती.

वरदाने आधी नाक शिंकरलं.

"ते टेबल उद्या बाहेर काढू," ती म्हणाली. "बेड मी आणणार. आणि नेक्स्ट यिअर गौर मी आणणार, त्याच ओढ्यावरून, दर वर्षी. पण आई, गाडीत तू पण तोंडात पाणी घ्यायचं."